वास : स्वच्छ

कंटेनरचं दार उघडलं आणि टोपी तीन पावलं मागे सरकला. कोपराच्या खोबणीत नाक खुपसून ओरडला, "मेलं, साहेब! आतलं सगळं मेलंय!" टोपी म्हणजे यार्डातला फोर्कलिफ्टवाला, उन्हात, सावलीत, जेवताना आणि बहुधा झोपेतही डोक्यावरची टोपी न काढणारा. आणि साहेब म्हणजे तपासनीस. समुद्रावरून आलेलं खाणं माणसांच्या तोंडी लागण्याजोगं आहे की नाही, हे ठरवणं त्याचं काम. वय छप्पन्न. तो दारातच उभा होता, हनुवटी जराशी वर, तोंड मिटलेलं, डोळे अर्धे झाकलेले. एकोणतीस वर्षं त्याने पहिला श्वास असाच घेतला होता, आताही घेतला. छाती भरली. हवा आत आली, कोमट आणि दमट; नाकपुड्यांना तिचा ओलावा कळला, तिचं जडपण कळलं, आणि बाकी काहीच कळलं नाही. डोळ्यांना मात्र सगळं दिसत होतं. खालच्या थरातले खोके बसले होते, पुठ्ठ्यांवर तपकिरी ओघळ होते, जमिनीच्या खाचांत पाणी साचलं होतं. गोठवलेली मासळी वाटेत कुठेतरी वितळली होती आणि नंतर कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. टोपीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नामंजूर," तपासनीस म्हणाला आणि हातातल्या फळीवरच्या कागदावर तसं लिहिलं. "तुमचं नाक लोखंडाचं आहे का हो?" टोपीने लांबूनच विचारलं. तपासनीस हसला. ते हसू चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिलं, हे त्याचं त्याला जाणवलं. मग त्याने दार लोटून दिलं.

हात धुवायच्या बेसिनपाशी लाल साबणाची वडी होती. तिला नाक लावलं तर नाकाच्या शेंड्याला तिचा गुळगुळीतपणा लागला, एवढंच. कँटीनमध्ये चहा घेतला. गरम आणि गोड पाणी घशाखाली गेलं. काडी ओढून विझवली आणि धूर नाकाशी धरला, तेव्हा डोळे चुरचुरले. कँटीनवाला गल्ल्यावरून पाहत होता. "काय साहेब, काड्यांची पण तपासणी?" "हो," तो म्हणाला, "ओल्या निघतात हल्ली." आणि उठून बाहेर आला. डिझेलच्या पंपापाशी गेला, तिथून कचऱ्याच्या पिंपापाशी, तिथून परत रांगेत उभ्या कंटेनरांमधल्या अरुंद वाटेने चालत सुटला. दोन्ही बाजूंनी कंटेनरांची यंत्रं घरघरत होती, प्रत्येकाच्या पाठीला वायर, प्रत्येकाच्या छोट्या पडद्यावर आकडा. उणे अठरा, उणे वीस, अधिक दोन, अधिक तेरा. केळी, लोणी, वाटाणे, कोळंबी, कुणाच्या तरी देशातली द्राक्षं. एरवी या वाटेने जाताना त्याला आकडे वाचावेच लागत नसत. रबरी पट्टी सैल झालेल्या दारातून माल स्वतःची ओळख देई. टोपी पैज लावायचा आणि हरायचा. आज रांग मुकी होती. चालता चालता त्याच्या लक्षात आलं की आपण पळतोय म्हणावं इतक्या वेगाने चालतोय, आणि जायचं कुठेच नाही.

पाच आठवड्यांपूर्वी ताप आला होता. तीन दिवसांचा, अंग मोडून काढणारा. त्यानंतर जिभेची चव गेली, ती अर्धीमुर्धी परत आली, आणि सर्दीनंतर असं होतंच, असं म्हणून त्याने विषय संपवला होता. म्हणजे स्वतःपुरता संपवला होता. दुसऱ्या कुणाशी तो काढलाच नव्हता. आता त्या पाच आठवड्यांवरून मन पुढेमागे धावू लागलं. कुठलं दार उघडलं तेव्हा नक्की वास आला होता? केळ्यांचा तो कंटेनर, पंधरा दिवसांपूर्वीचा, तेव्हा आला होता की डोळ्यांनी पिवळं पाहिलं आणि डोक्याने वास जोडून दिला? त्याला कामाला लावणारा म्हातारा तपासनीस म्हणायचा, "लेका, यंत्रं सगळी बघ, पण बघायच्या आधी हुंग. एकदा आकडा वाचलास की नाक त्या आकड्याची री ओढायला लागतं." म्हाताऱ्याने त्याला पहिलं वर्षभर कागदाला हात लावू दिला नव्हता. डोळे बांधून समोर मांस, मासळी, लोणी ठेवायचा आणि दिवस विचारायचा: हे किती दिवसांचं? चुकलं की टपली. शेवटी शेवटी तो चुकेनासा झाला, तेव्हा म्हाताऱ्याने एकदाच पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आता तुझ्या होणाऱ्या बायकोची धडगत नाही."

खरंच नव्हती. नाकावर माशी बसू न देणारा माणूस घरात असला की घरच्यांना काय सोसावं लागतं, ते घरच्यांनाच विचारावं. पण आता त्याला आठवत होती ती बायको नाही, आई आठवत होती. तो दहा वर्षांचा असताना आई दोन वर्षं मागच्या खोलीत आजारी पडून होती. खोलीला एकच खिडकी, तीही वाऱ्याने आपटते म्हणून बांधून ठेवलेली. शाळेतून आल्यावर आत्या म्हणायची, "जा, तिला तोंड दाखवून ये." तो दाराशी जायचा, बाहेरच छाती भरून हवा घ्यायचा आणि ती कोंडून धरून उंबऱ्यात उभा राहायचा. आई विचारायची, "शाळेत काय झालं आज?" बोलायचं तर श्वास सोडावा लागणार, म्हणून तो नुसती मान हलवायचा. आई समजायची, पोरगा अबोल आहे. एकदा तिने हात पुढे केला होता, ये म्हणून. तो तिथूनच वळून पळाला आणि अंगणात जाऊन भसाभसा श्वास घेत राहिला. पुढे त्याला वास घेण्याचीच नोकरी लागली, तेव्हा आत्या हसली होती. ती का हसली ते फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं. आता, दोन कंटेनरांच्या मधे उभं राहून त्याने त्या खोलीचा वास आठवायचा प्रयत्न केला. औषधं, घाम, ओलं कापड. शब्द आठवले. त्यांच्या मागे काही नव्हतं.

मग त्याला गुरुवार आठवला.

गुरुवारी ताज्या मांसाचा कंटेनर आला होता. ताजं म्हणजे न गोठवलेलं. हवा काढून बंद केलेल्या पिशव्यांतून, शून्याच्या जेमतेम खाली ठेवून, पाच आठवडे समुद्रावरून आणलेलं. आत ठेवलेल्या तापमान-नोंदणी यंत्राच्या कागदावर मधेच अकरा तास कोरे होते. वाटेतल्या बंदरात कंटेनर एका जहाजावरून उतरवून दुसऱ्यावर चढवतात, तेव्हा कुणीतरी वायर काढली होती आणि लावायला विसरलं होतं, किंवा नोंदीचं यंत्रच बंद पडलं होतं आणि मांस आपलं सुखरूप होतं. कागदावरून सांगता येत नव्हतं. अशा वेळी नमुन्याच्या तीन पिशव्या फोडायच्या. पिशवी फोडली की एक आंबूस वास येतो, चांगल्यातल्या चांगल्या मांसालाही येतो, कोंडलेल्या हवेचा. दहा मिनिटं थांबायचं. वास उडाला तर माल चांगला. तसाच राहिला तर गेला. त्या दिवशी टोपी रजेवर होता. तपासणीच्या खोलीत तो एकटा, समोर स्टीलचं टेबल. पहिली पिशवी फोडली, वाकला, श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. पुन्हा. मग दहा मिनिटं थांबला, घड्याळ बघून, अगदी प्रामाणिकपणे. आणि दहा मिनिटांनंतरही काही नव्हतं. त्याने लिहिलं, "वास : स्वच्छ." सही केली, तारीख टाकली. रंग थोडा गडद वाटला होता, पण दिव्याचा उजेड तसाच असतो. यात गैर काय होतं? दहा मिनिटांनी वास नव्हता, तसंच त्याने लिहिलं. फक्त पहिल्या क्षणीही नव्हता, आणि तसं कुठल्याही मांसाचं होत नाही. हे त्या क्षणी डोक्यात आलं होतं का? त्या प्रश्नाला त्याचं मन हात लावू देत नव्हतं. माशी उडावी तसा प्रश्न उडायचा आणि फिरून तिथेच येऊन बसायचा.

त्याने शीतगृहाच्या व्यवस्थापक बाईंना फोन लावला. बाई घाईत होत्या. मागे कुणीतरी खोके मोजत होतं. "गुरुवारचा माल ना? तो कुठे राहतोय आता? उचलला की."

"सगळा?"

"सगळा. बाविसशे किलो इस्पितळाच्या स्वयंपाकघराला, बाकीचा जहाजांना माल पुरवणाऱ्याने नेला. का हो? कागद तर तुमचाच आहे."

"माझाच आहे," तो म्हणाला. "म्हणूनच विचारतोय."

इस्पितळ यार्डापासून चार मैलांवर. त्याने गाडी काढली, अर्ध्या वाटेत सिग्नलला उभी राहिली तेव्हा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला, आणि सिग्नल सुटायच्या आत लक्षात आलं की आपण खिडकीच्या काचा खाली करून कुत्र्यासारखं नाक बाहेर काढून बसलोय. शेजारच्या गाडीतली मुलगी बघत होती. त्याने काच वर केली. इस्पितळ म्हणजे काय, आठशे खाटा. ताटात काय येईल ते मुकाट खाणारी, बरीचशी उठून बसूही न शकणारी माणसं. स्वयंपाकघर तळमजल्यावर मागच्या बाजूला होतं. तिथली मुख्य स्वयंपाकीण पन्नाशीची, बुटकी, दंडापर्यंत बाह्या दुमडलेली. त्याने ओळख दिली तशी तिने हात पुसले आणि आधी त्याच्याकडे, मग त्याच्या फळीकडे पाहिलं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "मी तुम्हालाच फोन करणार होते, पण म्हटलं, हसाल मला."

"किती शिजवलं?"

"तेच तर. अजून काहीच नाही. शुक्रवारी एक पिशवी फोडली आणि मला वाटलं काहीतरी बिनसलंय. पण कागद बघितला तर तुम्ही लिहिलेलं, स्वच्छ. आता तुमचं नाक म्हणजे... आमच्या आधीच्या मुख्य बाई सांगायच्या ना, त्या माणसाने पास केलेलं डोळे मिटून घ्या. मग मला वाटलं, माझंच काहीतरी झालंय. वय होतंय. शनिवारी परत एक फोडली, परत तसंच. इथल्या पोरींना विचारलं, त्या म्हणतात, बाई, आम्हाला नाही कळत, तुम्ही सांगाल ते. चार दिवस भाज्या-डाळींवर काढलेत मी. वर कुणाला सांगितलं नाही. काय सांगू? तपासनीस खोटा आणि मी खरी?" तिने थंड कपाटाचं दार उघडलं, एक पिशवी काढून ओट्यावर ठेवली, सुरी त्याच्यापुढे केली. "घ्या, तुम्हीच बघा. म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल."

त्याने सुरी घेतली नाही. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं, वाफ छताला लागून परत खाली येत होती. आज सकाळपासून पहिल्यांदा तो एका जागी स्थिर उभा होता.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

"सर्दी झालीय का?"

"नाही. गेलाय वास. तुमचं नाक ठीक आहे, बाई. माझं गेलंय."

ती चिडेल, ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने सुरी परत घेतली, पिशवी स्वतःच फोडली, पदराने नाक न झाकता वाकली आणि सरळ झाली. "गेलेलंच आहे," ती म्हणाली. "चार दिवस मी स्वतःला वेडी समजत होते." मग लगेच वळून तिने पोरींना हाक मारली, सगळे खोके बाहेर काढायला सांगितले, आणि तो अजून तिथेच उभा आहे हे पाहून म्हणाली, "तुम्ही इथे काय करताय? बाकीचं कुठे गेलं ते बघा ना."

बाकीचं समुद्रावर गेलं होतं. माल पुरवणाऱ्याने ते एका मालवाहू जहाजाच्या खलाशांसाठी चढवलं होतं, आणि जहाज शनिवारी पहाटे सुटलं होतं. आज मंगळवार. चार दिवस. जहाजावर माणसं बावीस. तपासनीस ऑफिसात पोचला तेव्हा शाखाप्रमुख जेवायला बसला होता. हा शाखाप्रमुख एके काळी त्याच्याच हाताखाली शिकायला आलेला. वासात कच्चा, पण कागदात पक्का, म्हणून वर गेलेला. अजूनही तो त्याला सर म्हणायचा आणि खुर्चीतून अर्धवट उठायचा. सगळं ऐकल्यावर त्याने डबा बंद केला. "सर, तुम्हाला हे कधी कळलं?"

"आज सकाळी," तपासनीस म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं झटकन आणि इतकं सफाईने निघालं की त्यालाच दचकायला झालं.

"मग ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण... आपण जहाजाच्या एजंटामार्फत तिकडे संदेश पाठवू. लिहितो मी: नोंदणी यंत्रात त्रुटी आढळल्याने सदर मालाबाबत तांत्रिक शंका आहे, वापर टाळावा."

"शंका नको लिहूस. शंका लिहिलीस तर तो स्वयंपाकी मांस दोनदा धुवेल आणि शिजवेल. भर समुद्रात बावीस माणसांचं जेवण तो शंकेवर फेकून देणार नाही."

"मग काय लिहू?"

"लिही, माल खराब आहे. लिही की तपासनीसाला वास येत नाही, त्याची सही धरू नका."

शाखाप्रमुखाने पेन खाली ठेवलं. "सर, हे एकदा कागदावर गेलं की परत नाही घेता येणार. यंत्राचा दोष काढू की. यंत्रात तो आहेच. तुमची चार वर्षं राहिलीत. डॉक्टरला दाखवा, महिनाभर रजा घ्या, नाक परत आलं तर कुणाला कळणारही नाही." तो मनापासून बोलत होता. त्याच्या बोटाला जेवणाचं काहीतरी लागलं होतं, ते त्याने रुमालाला पुसलं. तपासनीसाला वाटलं, घ्यावी रजा. खरंच घ्यावी. खिडकीतून बंदरातल्या क्रेनचे लांब हात दिसत होते, एक कंटेनर हवेत लटकत हळूहळू वळत होता, आणि तो खाली टेकेपर्यंत त्याने काही बोलायचं नाही असं ठरवलं. कंटेनर टेकला. तेव्हा त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने, चुका करत, स्वतः टाईप केलं.

घरी तो दुपारी चार वाजताच पोचला. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. इतक्या लवकर आलेला पाहून तिच्या हातातली घडी विस्कटली. "अहो, बरं नाही का?" तो खुर्चीवर बसला, उठला, खिडकी उघडली, परत बसला. मग सांगितलं. कंटेनर, इस्पितळ, जहाज, संदेश. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "कधीपासून येत नाही वास?"

"तापानंतर. पण माझ्या लक्षात आजच आलं."

"तापानंतर," ती म्हणाली. घडी घातलेली चादर तिने उलगडली आणि तीच पुन्हा घालायला घेतली. तिचे केस मोकळे होते, कपाळापाशी चपचपीत तेल. "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, हे तेल उग्र आहे, डोकं दुखतं. आईकडचं तेल. तेव्हा बंद केलं. सव्वीस वर्षं झाली. तुम्ही तापात होता तेव्हा एक दिवस वाटलं, लावावं थोडं. कुठे कळणार आहे तुम्हाला. मग ताप उतरला, तरी तुम्ही काही बोलला नाहीत. मी आणखी थोडं लावलं. तरी नाही बोललात. रोज लावायला लागले." तिने चादरीचे काठ जुळवले. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बोलत नाही. माझ्यासाठी."

पाच आठवडे त्याची बायको एका वेगळ्याच माणसाबरोबर राहत होती, आणि तो माणूस तिला आवडू लागला होता. तो आठवायला लागला: या दिवसांत ती गुणगुणत होती का? जेवताना समोर बसत होती, एरवी ओट्याशी उभी राहून जेवायची, हे खरं. त्याने ते पाहिलं होतं आणि कारण शोधलं नव्हतं. "लाव की," तो शेवटी म्हणाला. "मला त्रास नाही."

"आता काय, तुम्हाला नाहीच त्रास," ती म्हणाली आणि घड्यांचा ढीग उचलून आत गेली. कपाटाचं दार जरा जोरात बंद झालं. थोड्या वेळाने तिने चहा आणून ठेवला, त्याच्या समोर बसली, आणि म्हणाली, "जहाजावरून काही कळलं का?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कळलं. एजंटाने संदेश जसाच्या तसा वाचून दाखवला. मांस दोन दिवस जेवणात होतं. उरलेलं संदेश आल्यावर बाहेर काढलं. चार जण आजारी पडले, पैकी तिघे कामावर परतले. स्वयंपाक्याची प्रकृती जास्त बिघडली असून त्याला वाटेतल्या बंदरात उतरवून इस्पितळात हलवलं आहे. कळवल्याबद्दल आभार. तपासनीसाने 'आभार' हा शब्द एजंटाला पुन्हा वाचायला लावला. त्यानंतरचे चार दिवस तो घरात टिकला नाही. कामावरून चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. नाकाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं आणि वास येईलही, न येईलही, असं सांगितलं. तो सकाळी निघायचा आणि चालत राहायचा. बेकरी, तबेला, रंगाचं दुकान, गटाराचं उघडं झाकण, सगळ्यांसमोरून सारखाच. दर दोन तासांनी एजंटाला फोन. एजंट कंटाळला, चिडला, मग त्याची कीव करू लागला. स्वयंपाक्याचं नाव काय, हे तपासनीसाने विचारलं नव्हतं. नाव कळलं असतं तर तो माणूस आणखी खरा झाला असता. चालताना तो मनातल्या मनात त्याच्याशी बोलायचा, आणि प्रत्येक वेळी ते बोलणं एकाच वाक्यापाशी अडखळायचं: माझ्या लक्षात आलं नव्हतं. शाखाप्रमुखाला ते पटलं होतं. बायकोलाही पटलं असावं. वाक्य इतकं वापरून झालं होतं की त्याला आता धार उरली नव्हती, तरी कुठेतरी टोचत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी एजंटाचाच फोन आला. "आता तुम्हीच बोला बाबा त्याच्याशी. वॉर्डातला नंबर मिळालाय. बोलतोय तो, उठून बसलाय." बायको शेजारीच बसली होती. तिने समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली, पण तो उभा राहिला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली, मग कुणीतरी उचलला, मग पावलं, मग एक बारीक, कोरडा आवाज आला. "कोण?"

"मी... ते मांस जहाजावर चढण्याआधी मी तपासलं होतं. कागदावर सही माझी आहे."

पलीकडे कुणीतरी चाकं असलेलं काहीतरी ढकलत नेलं.

"बरं," आवाज म्हणाला.

"माफी मागायला फोन केलाय."

"मागा."

तपासनीसाला वाटलं होतं, फोन केला यातच माफी आली. एकोणतीस वर्षं त्याने लिहिलेल्या कागदांवर कुणी काही करत नसे, सगळं आपोआप होत असे: तपासणी करण्यात आली, माल योग्य आढळला. आता तोंड उघडायचं तर 'मी'पासून सुरुवात करावी लागणार होती. बायको त्याच्याकडे बघत होती.

"मला वास येत नाही," तो म्हणाला. "आणि मला ते ठाऊक होतं. सगळ्यांना सांगितलं, नव्हतं म्हणून. अगदी पक्कं नव्हतं, पण ठाऊक होतं. पिशवी फोडली की पहिल्यांदा वास येतोच. चांगल्या मांसालाही येतो. तुम्ही स्वयंपाकी आहात, तुम्हाला माहीत आहे."

"हो. येतो."

"मला आला नाही. मी तीनदा घेऊन बघितला. तीनदा कुणी घेत नाही, ज्याला येतो तो. तरी लिहिलं स्वच्छ."

"का?"

"भ्यालो."

"कशाला?"

बायकोने नजर खाली केली नव्हती. त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. "वास येत नाही म्हटल्यावर माझं काय उरतं, ते मला कळेना. त्यापेक्षा लिहिणं सोपं होतं. माझं चुकलं. तुम्ही मरू शकला असतात. मला माफ करा."

पलीकडे श्वासाचा आवाज येत राहिला. तो इतका वेळ येत राहिला की फोन कटला की काय म्हणून तपासनीसाने पडद्यावर पाहिलं. मग आवाज म्हणाला, "मला आला होता वास." खोकला. "वारा सुटलेला, जहाज हलत होतं. दोन दिवस पोरं कोरडं खात होती. मी मिरची वाढवली."

"तुमच्याकडे कागद होता. माझी सही होती."

"कागद कुठला? कागद आमच्यापर्यंत येतच नाही." मग तो म्हणाला, "मी चव बघायला वाटीभर खाल्लं होतं. सगळ्यांच्या आधी. नेहमीच बघतो."

तपासनीसाला त्याची वाटी दिसली, हलत्या जहाजावरची, हाताने धरून ठेवलेली. तो खुर्चीवर बसला. "आता कसं वाटतंय?" हा प्रश्न आपण विचारायचा की नाही, हे ठरायच्या आतच तो विचारून गेला होता.

"सकाळी पेज दिली," स्वयंपाकी म्हणाला. "अळणी होती. मीठसुद्धा नाही घालत इथले."

"राहिली का पोटात?"

पलीकडे पुन्हा ती चाकं वाजली आणि लांब गेली.

"अजून तरी आहे," आवाज म्हणाला.